एकोणिसाव्या प्रकरणातलं मरण

डॉक्टरांना वाईट बातमी तोंडावर सांगता येत नसे. हा दोष त्यांच्या अंगी उपजत होता, आणि उपजत दोष लोक हळूहळू सद्गुणांच्या खात्यावर टाकतात, त्या रीतीने गावाने त्यालाही हळवेपणा असे गोंडस नाव देऊन टाकले होते. हळवेपणाचा त्यात फारसा संबंध नव्हता. समोरचा चेहरा डोळ्यांदेखत उतरताना पाहण्याची त्यांच्यात धमक नव्हती, एवढेच.

तेव्हा पंचवीस वर्षांच्या अनुभवातून पेशंटांनीच आपल्या सोयीपुरती एक परिभाषा तयार केली. डॉक्टर "काही विशेष नाही" म्हणाले, की रक्त तपासून घ्यायचे. "बघू या" म्हणाले, की परगावच्या मुलाला फोन करायचा. आणि नाडी सोडून, चष्मा पुसत, खिडकीबाहेर पाहत ते "छान! आता पथ्यबिथ्य काही नको, मनाला येईल ते खा" असे म्हणाले, की घरातली माणसे भिंतीकडे तोंड करून डोळे पुसू लागत. या परिभाषेचा डॉक्टरांना मात्र पत्ता नव्हता. आपण माणसांना किती अलगद धीर देतो, याचे त्यांना मनोमन कौतुक वाटे.

असा माणूस कादंबरीकार झाला नसता तरच नवल. जे तोंडावर बोलवत नाही ते लिहून कळवण्याची सोय मानवजातीने साहित्य या नावाखाली फार पूर्वीच करून ठेवली आहे. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दर महिन्याला गुळगुळीत कागदांची पॅडे देऊन जात. वरच्या कोपऱ्यात खोकल्याच्या औषधाची जाहिरात आणि खाली ऐसपैस कोरी जागा. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात डॉक्टर त्या जागेत लिहीत. पेशंट आत आला की पॅड पालथे घालीत आणि चेहरा असा गंभीर करीत, की येणाऱ्याला वाटे, आपल्याच आजारावर विचार चालला आहे.

पहिल्या कादंबरीत साथ आली, सगळे आजारी पडले आणि अखेरीस सगळे बरे झाले. प्रकाशकाने ती छापली, कारण त्याच्या सासूबाईंचा गुडघा डॉक्टरांनी चालता केला होता. वर्षभराने न खपलेले गठ्ठे त्याने दवाखान्यात आणून ठेवले. त्या गठ्ठ्यांवर पाय देऊन लहान मुले तपासणीच्या टेबलावर चढत. साहित्याने तळागाळातल्या माणसाला वर उचलले पाहिजे, हे त्या काळात डॉक्टरांच्या दवाखान्यात अक्षरशः घडत होते.

"डॉक्टर, तुमच्या कादंबरीत पेशंट जगतात आणि वाचक मरतो," प्रकाशक म्हणाला. "हे उलटं व्हायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे एक माणूस मारा. चांगला, जीव लावणारा. म्हातारा असला तर सोन्याहून पिवळं. आणि सावकाश मारा हो, घाई नको. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला काय अशक्य आहे?"

डॉक्टरांनी सल्ला शिरोधार्य मानला. दुसऱ्या कादंबरीच्या एकोणिसाव्या प्रकरणात एक निवृत्त स्टेशनमास्तर मरतो. खिडकीशी वेताच्या खुर्चीत तो बसलेला असतो. मांडीवर पुस्तक उघडे असते, बाहेर झाडाची पाने गळत असतात. एक श्वास आत जातो, एक बाहेर येतो, आणि पुढचा श्वास 'एखाद्या पानाने वाऱ्यावरच विचार बदलावा तसा वाटेतच थांबतो'. हे वाक्य डॉक्टरांना खोकल्याच्या औषधाखाली सुचले होते. पण ते छापून आले तेव्हा गावातल्या ग्रंथालयात पुस्तकासाठी नंबर लागले. मृत्यूला इतक्या जवळून पाहिलेला लेखक भाषेला क्वचित लाभतो, असे समीक्षकांनी लिहिले. एकाने तर 'या लेखकाने मृत्यूचा हात हातात घेतला आहे' असे म्हटले. डॉक्टरांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली सरकवले. त्याखाली लसीकरणाचा तक्ता झाकला गेला, पण प्रतिभेला जागा करून द्यायची म्हणजे कुणाला तरी सरकावे लागतेच.

दवाखाना दोन तासांवर आला. सकाळचा वेळ साहित्याला आणि संध्याकाळचा, साहित्याविषयी काही बोलावणे नसेल तर, रोग्यांना. लोक चिठ्ठीवर औषध आणि पुस्तकावर स्वाक्षरी एकाच दमात घेऊन जात, आणि दोन्ही सारखीच न वाचता येणारी असल्यामुळे दोन्ही अस्सल मानली जात. डॉक्टरांची बायको पूर्वीपासून दवाखान्यातच, लाकडी फळीच्या पलीकडे, गोळ्या बांधून देण्याचे काम करी. तिने कादंबरी दोन दुपारींत वाचून संपवली होती आणि एवढेच म्हणाली होती, "कागद चांगला वापरलाय."

मग वर्षातल्या सर्वांत मोठ्या पुरस्काराची घोषणा झाली. समारंभ शनिवारी संध्याकाळी पाच वाजता होता. डॉक्टर गुरुवारी सकाळी भाषणातला 'मी तर केवळ एक साक्षीदार' हा भाग आरशासमोर म्हणून पाहत होते, तेव्हा पोस्टमास्तरांची लेक नंबर न लावताच आत आली.

निवृत्त पोस्टमास्तर हे डॉक्टरांचे जुने पेशंट. हृदय जरा थकलेले, पण दिवसाला तीन गोळ्यांवर उत्तम चालणारे. लेक शाळेत चित्रकला शिकवी, आणि तिच्या बोटांना कायम कुठला ना कुठला रंग असे. आज निळा होता.

"डॉक्टरकाका, बाबांनी गोळ्या बंद केल्यात."

"कधीपासून?"

"बारा दिवस झाले. मला कालच कळलं. डबी तशीच्या तशी भरलेली. विचारलं तर म्हणाले, आता कशाला? डॉक्टरांनी कळवलंय."

"मी? मी काय कळवलं?"

लेकीने पिशवीतून कादंबरी काढून टेबलावर ठेवली. एकोणिसाव्या प्रकरणात रजिस्टर टपालाची जुनी पावती खूण म्हणून घातली होती.

डॉक्टरांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पोस्टमास्तरांनी पुस्तक ग्रंथालयातून न आणता विकत घेतले. दुसरा असा, की कोपरे दुमडलेले पाहता ते दोनदा तरी वाचलेले दिसते. गोळ्यांचा विचार तिसरा आला. पण आला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्यांनी पान उघडले. समासात पेन्सिलीने बारीक बारीक खुणा होत्या. स्टेशनमास्तर जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबतो, तिथे 'बरोबर'. किल्लीने कान खाजवतो, 'बरोबर'. दोन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही, 'बरोबर'. संध्याकाळी बुटाची नाडी घट्ट वाटते, 'बरोबर, अलीकडे जास्त'. आणि प्रकरणाच्या शेवटी, पानाने वाऱ्यावर विचार बदलला त्याच्या खाली, ठसठशीत अक्षरांत तारीख, सही आणि एकच शब्द होता : 'पोचले.'

"काका, बाबांचं खरंच तसं काही आहे का?" लेकीने विचारले. "असलं तर मला सांगा. मी रडणार नाही."

"छे, छे," डॉक्टर म्हणाले. "काही विशेष नाही."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांना त्याचे कारण कळले नाही.

दुपारी ते पोस्टमास्तरांकडे गेले. खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जुन्या कचेरीतून मोडीत काढलेले टपाल लावायचे लाकडी खण त्यांनी भिंतीशी उभे केले होते. एरवी त्यात विजेची बिले आणि चष्म्याची घरे असत. आज प्रत्येक खणात एकेक वस्तू आणि तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. रेडिओ शेजारच्या काकूंना. छत्री खालच्या शिंप्याला. इस्त्री लेकीला, 'वायर बदलून घेणे'. आणि खिडकीशी एक कोरी करकरीत वेताची खुर्ची होती. तिच्यात पोस्टमास्तर मांडीवर पुस्तक घेऊन, पाठ ताठ करून बसले होते. फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे.

"या डॉक्टर, या! बसा पलंगावर."

"खुर्ची नवी दिसते."

"आपल्याकडे नव्हती ना. पुस्तकात आहे म्हणून मागवली. जरा टोचते, पण फार दिवस बसायचं थोडंच आहे?"

"पोस्टमास्तर, अहो ती कादंबरी आहे. सगळं कल्पित."

"हो ना. चौथ्या पानावर छापलंयच तसं. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत.' आमच्याकडे पार्सलावर कुणी 'आत मौल्यवान काही नाही' असं लिहिलं, की आम्ही ते आधी कुलपात ठेवायचो."

"पण तो स्टेशनमास्तर आहे!"

"पत्ता थोडा चुकला म्हणून पत्र परत पाठवायचं नसतं, डॉक्टर." पोस्टमास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. बोलता बोलता त्यांना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता. "चाळीस वर्षं तेच केलं मी. नाव चुकलेलं, घर चुकलेलं, कधी नुसतं 'चिंचोळ्या गल्लीतल्या बहिऱ्या आजोबांना'. पोचवलं की नाही? मग स्वतःचं टपाल ओळखणार नाही? जिना माझा, किल्ली माझी, दम माझा. स्टेशनमास्तर केलंत ते सभ्यपणा म्हणून, हे का मला समजत नाही? तुम्हाला तोंडावर सांगता येत नाही, हे जगजाहीर आहे. लिहून कळवलंत, उपकार झाले."

डॉक्टरांनी खाली वाकून त्यांच्या घोट्याजवळ बोट दाबले. खड्डा पडला, आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. बारा दिवसांचे पाणी अंगात साठत होते. हे आता या माणसाला सांगायचे होते. सांगायचे म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाहायचे. डॉक्टर उठले, त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि खिडकीबाहेर पाहत ते प्रसन्न आवाजात म्हणाले, "छान! अगदी छान आहे प्रकृती. फक्त त्या गोळ्या तेवढ्या..."

दाराशी उभी असलेली लेक भिंतीकडे वळली.

पोस्टमास्तर हसले. "बघ," ते लेकीला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

घरी आल्यावर डॉक्टरांनी हा सगळा प्रकार बायकोला सांगितला. ती फळीपलीकडे गोळ्या मोजत होती. मोजता मोजता थांबली.

"तुम्ही त्यांना 'छान' म्हणालात?"

"धीर द्यायला नको?"

"अहो, तुमचं 'छान' म्हणजे काय, हे साऱ्या गावाला पाठ आहे." मग तिने ती परिभाषा त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितली, परक्या मुलखातल्या पाहुण्याला रस्ते समजावून सांगावेत तशी. "तुमचा आवाज इकडे ऐकू येतो. 'छान' ऐकलं की मी गोळ्या आठवड्याच्याच बांधते. महिन्याच्या बांधत नाही."

 साक्षात्कार झालेला माणूस दिसावा तसे डॉक्टर दिसत होते, म्हणजे थोडेसे पोट बिघडल्यासारखे.

"मग आता मी काय बोललो तर त्यांना खरं वाटेल?"

"ते मला काय विचारता? लेखक तुम्ही."

लेखकाला सुचला तो लेखकाचाच उपाय. शुक्रवारी त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. दुसऱ्या आवृत्तीत स्टेशनमास्तराला जगवावे, आणि तसे उद्याच्या समारंभातच जाहीर करावे, अशी त्यांची कल्पना होती. छापलेल्या शब्दावर पोस्टमास्तरांचा विश्वास होता, तर छापूनच खुलासा करावा.

"थांबा, थांबा," प्रकाशक म्हणाला. "तुमचं प्रकरण वाचून माणसाने औषध सोडलं?"

"हो. बारा दिवस."

"अहो, याहून मोठी दाद कुठली? उद्या आणता येतील का त्यांना? पहिल्या रांगेत बसवू. चाकाची खुर्ची मी पाठवतो."

"अहो, ते मरतील!"

"उद्या पाचपर्यंत नाही ना?"

"आणि स्टेशनमास्तराला जगवायचं काय?"

"खुशाल जगवा. फक्त मग दुसरी आवृत्ती निघणार नाही. बरा झालेला म्हातारा कोण विकत घेतो? तसे घरोघरी आहेत."

शनिवारी दुपारी साडेतीनला डॉक्टर इस्त्रीच्या कपड्यांत, भाषणाचे कागद खिशात घालून तयार झाले, तोच लेकीचा फोन आला. बाबांना पहाटेपासून आडवे होता येत नव्हते. बसल्या बसल्याही धाप लागत होती. दवाखान्यात चला म्हटले तर मान हलवून नाही म्हणत होते, आणि खुर्ची खिडकीच्या आणखी जवळ सरकवायला सांगत होते.

बायकोने बॅग आधीच भरून ठेवली होती. इंजेक्शन, सुया, गोळ्या. ती त्यांच्या हातात देताना म्हणाली, "भाषण आठ दिवस पाठ केलंत. आता एकदा न पाठ केलेलं बोलून या."

जिन्याच्या सातव्या पायरीवर डॉक्टर स्वतःच थांबले. खाली रस्त्यावरून सभागृहाकडे निघालेल्या माणसांची बोलणी ऐकू येत होती. त्यांच्यात त्यांचे वाचकही असतील. वर श्वासाचा आवाज दारातूनच ऐकू येत होता, ओले कापड पिळावे तसा. हे पुस्तकात नव्हते.

पोस्टमास्तर खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे झुकून बसले होते. ओठांवर निळसर झाक होती. पुस्तक मांडीवरून घसरून खाली पडले होते, आणि ते उचलून ठेवायचा प्रयत्न लेक तिसऱ्यांदा करीत होती, कारण त्यांनी बोटाने तशी खूण केली होती.

डॉक्टरांनी पलंग जवळ ओढला आणि त्याच्या कडेवर ते अगदी समोर बसले. चष्मा पुसण्यासाठी हात वर गेला. तो त्यांनी खाली आणला.

"पोस्टमास्तर, हे तसं होणार नाही."

"कसं?"

"पुस्तकातल्यासारखं. पान नाही, वारा नाही, काही नाही. तुमच्या छातीत पाणी चढतंय. रात्रीपर्यंत आणखी चढेल. खिडकी उघडा म्हणाल, आणि खिडकी उघडीच असेल. तोंडाला गुलाबी फेस येईल. बुडणाऱ्या माणसासारखे हात माराल, या कोरड्या खोलीत. हिचा हात इतका आवळाल, की हिची बोटं काळीनिळी पडतील, आणि ही तो सोडवून घेणार नाही. तासभर चालेल. कदाचित जास्त."

पंचवीस वर्षांत एवढी वाक्ये त्यांनी पेशंटाच्या डोळ्यांत पाहून कधी उच्चारली नव्हती. लेकीने तोंडावर हात घेतला होता. पोस्टमास्तर मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत होते, चुकून आपल्या हाती पडलेले दुसऱ्याचे पत्र पाहावे तसे.

"असंच झालं होतं," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"हिच्या आईचं." एकेक शब्द एकेका श्वासावर येत होता. "तुम्ही सकाळी छान म्हणून गेलात. संध्याकाळी... असंच. हात माझा धरला होता तिने. महिनाभर खुणा होत्या." त्यांनी मनगट जरासे वर केले, जणू त्या अजून असाव्यात. "मग तुमचं पुस्तक आलं. वाचलं. म्हटलं, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेचंही असतं. डॉक्टरांनी पाहिलंय. तिला नाही आलं तसं. मला येतंय, तर आपण कशाला आडवं यायचं?"

आता डॉक्टरांना समजले, की हा माणूस निदानावर विश्वास ठेवून बसला नव्हता. आपण त्याला एक चांगले मरण देऊ केले होते. अठरा प्रकरणे तयारी करून, उत्तम कागदावर, ठळक टायपात. आणि तो भला माणूस पोच देऊन, खुर्ची मागवून, त्याची वाट पाहत बसला होता.

"मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"तसलं मरण. तसलंच काय, कुठलंच पाहिलेलं नाही. वेळ आली की मी बाहेर जातो. व्हरांड्यात. दाखला लिहायला म्हणून. लोकांना वाटतं, कामात आहे." त्यांनी बॅग पायाशी ओढून घेतली. "तुमच्या बायकोच्या वेळीही मी तुमच्या पोस्टाच्या क्वार्टर्सच्या व्हरांड्यातच होतो. मघाशी सांगितलं ते सगळं आतून ऐकू येत होतं, ते ऐकू येऊ नये म्हणून पेन कागदावर दाबून दाबून लिहीत होतो. दाखला फाटला होता, दुसरा केला."

"मग ते पान, खुर्ची..."

"एका औषध कंपनीच्या कॅलेंडरवर चित्र होतं. ऑक्टोबर महिना. त्यावरून लिहिलं."

खोलीत फक्त तो ओल्या कापडाचा आवाज उरला. डॉक्टरांना वाटले, आपण उठून जावे. मग वाटले, आपण नेहमी तेच करतो. ते बसून राहिले.

"चाळीस वर्षं," पोस्टमास्तर म्हणाले, "दुसऱ्याचं एक पाकीट उघडलं नाही मी. हे माझ्या नावचं म्हणून उघडलं. तर आत कॅलेंडर!" त्यांना हसू आले की धाप लागली, हे सांगणे कठीण होते. "आणि गोळ्या घेतल्या असत्या तर?"

"तर चांगले चालले असतात. पाच वर्षं, सात वर्षं. हमी नाही."

"आता?"

"आता मला माहीत नाही. इंजेक्शन आत्ता घेतलंत आणि मग मोठ्या दवाखान्यात गेलात, तर बहुधा वाचाल. बहुधा. नाही घेतलंत तर मघाशी सांगितलं ते."

पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले, की लेक पुढे झाली. मग त्यांनी बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"टोचा. पण बाहेर जायचं नाही."

सुई लागली. लेकीने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती शेजारच्या गावाहून यायची होती. पोस्टमास्तरांना दोघांनी मिळून खुर्चीतून उचलून पलंगावर, पाठीशी साऱ्या उशा देऊन, बसवले. डॉक्टरांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सांगितले, की आता पाणी लघवीवाटे बाहेर पडेल, आणि किती पडते ते मोजावे लागेल. लेकीने स्वयंपाकघरातला रेघांचा मोठा प्लॅस्टिकचा मग आणला. तिच्या रंगांचे ब्रश धुण्याचा होता तो. बुडाशी निळा डाग होता.

पाचला पाच मिनिटे कमी असताना डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांचे हात गुंतलेले होते, म्हणून लेकीने तो घेतला.

"नाही, ते येऊ शकत नाहीत," ती म्हणाली. "का म्हणजे? भांडं धरून उभे आहेत."

 पलीकडे प्रकाशक होता, आणि जाणता असल्यामुळे त्याने या उत्तरातले काहीही फुकट जाऊ दिले नाही. त्याने व्यासपीठावरून जड आवाजात सांगितले, की लेखक या क्षणी एका रुग्णाच्या उशाशी, मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे आहेत. टाळ्या तीन मिनिटे थांबल्या नाहीत, असे बायकोने नंतर सांगितले. ती पहिल्या रांगेत रिकाम्या खुर्चीशेजारी बसली होती. समारंभाचे अध्यक्ष एकोणिसाव्या प्रकरणातला उतारा वाचताना गहिवरले, आणि श्रोत्यांतल्या निम्म्या लोकांनी आपापल्या खिडक्यांशी बसून मरायचे ठरवले.

इकडे मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची सोय नव्हती, कारण डॉक्टरांची नजर हातातल्या मगाच्या रेघांवर होती. पहिल्या पंधरा मिनिटांत काहीच झाले नाही. ती पंधरा मिनिटे फार लांब होती. डॉक्टर उभे राहून पोस्टमास्तरांचा श्वास मोजत होते, मिनिटाला अडतीस, आणि त्यांना कळत होते, की आपले पाय सवयीने दाराकडे वळू पाहत आहेत. त्यांनी पलंगाचा लोखंडी गज धरून ठेवला. पोस्टमास्तरांनी चाचपडत हात पुढे केला, तो गजावरच्या बोटांवर पडला, आणि त्यांनी ती आवळली. दुखत होते. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही.

अखेर मगात पहिला आवाज झाला.

"सुरू झालं," लेक म्हणाली आणि रडू लागली. दोन दिवस रडणार नाही म्हणून थांबवलेले तिने सगळे एकदम सोडून दिले.

डॉक्टरांनी तो मग उजेडाकडे धरला. श्वास आता छत्तीस होता. खिशात कागद होते ते भाषणाचेच; त्यांनी शेवटचे पान उलटे केले आणि पेनाचे टोपण दातांनी काढले.

"तीनशे," ते म्हणाले.

"बघू," पोस्टमास्तर उशीवरून म्हणाले. ओठ अजून निळसर होते, पण नजर जुन्या कचेरीतल्या काट्यावर पार्सल ठेवल्यासारखी झाली होती. "कुठे तीनशे? दोन रेघा खाली आहे. दोनशे ऐंशी लिहा."

डॉक्टरांनी तीनशे खोडून दोनशे ऐंशी लिहिले आणि वेळ घातली.

"सही?"

त्यांनी सही केली.

"वाचता येत नाही. नीट करा."

त्यांनी खाली पुन्हा, एकेक अक्षर सुटे करून, आपले नाव लिहिले. शाळेतल्या मुलासारखे जीभ किंचित बाहेर काढून लिहीत होते ते. लिहून झाल्यावर वर पाहिले, तर पोस्टमास्तर अस्वस्थ होऊन उशी सावरत होते.

"डॉक्टर, तो मग आणा. पुन्हा आली."